स्टेटस सांभाळण्याची कृती (नवशिक्या लाभार्थ्यांसाठी)

पुण्यात मावशीच्या सोसायटीत स्टेटस सांभाळणं म्हणजे दारात मोठी गाडी, मुलगा परदेशात आणि गणपतीला शंभर पान. मावशीच्या नातीचं स्टेटस व्हॉट्सॲपवर असतं आणि चोवीस तासांत उडून जातं. अमेरिकेतल्या विद्यापीठात एच-१बीवर नोकरी करणाऱ्याचं स्टेटस म्हणजे कागदाच्या एका चिटोऱ्यावरची तारीख. तिघांत नात सुखी. आपलं कधी संपणार हे तिला नक्की ठाऊक असतं.

ही मार्गदर्शिका तिसऱ्या प्रकारच्या मंडळींसाठी आहे. लेखकाची पात्रता: मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात मातीतले जंतू मोजण्याची आठ वर्षं, तीन एक्स्टेन्शनं, दोन स्टॅम्पिंगं आणि एकदा नायगराला जाऊन धबधबा न बघता परत येणं. लेखक वकील नाही. असता तर एवढं फुकट सांगितलं नसतं.

आधी आपण कोण ते समजून घ्या. अर्जाचं नाव आय-१२९. तो भरतं विद्यापीठ. त्यात विद्यापीठ अर्जदार, आणि तुम्ही ‘बेनिफिशिअरी’, म्हणजे आपल्याकडे घरकुल योजनेच्या यादीत असतो तो लाभार्थी. पीएच.डी. झाली, पेपर छापून आले, परिषदेत लोकांनी टाळ्या वाजवल्या, तरी कागदोपत्री तुम्ही लाभार्थी. अर्जदाराने अर्ज करायचा, सरकारने तो मंजूर करायचा, आणि मुदत हुकली तर देश लाभार्थ्याने सोडायचा. कामाची इतकी स्वच्छ वाटणी मी दुसरीकडे पाहिली नाही.

साहित्य

तीन कागद लागतात आणि नवशिके तिन्हींना सरसकट ‘व्हिसा’ म्हणतात. इथेच घोडं पेंड खातं. पासपोर्टमध्ये चिकटवलेला स्टॅम्प ही लग्नाची पत्रिका. ती दारात दाखवायची, आत आलात की तिचं काम संपलं. ती जुनी झाली म्हणून मांडवातून कुणी उठवत नाही. दुसरा कागद आय-७९७, म्हणजे अर्ज मंजूर झाल्याचं पत्र. एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचं, एकूण सहा वर्षांपर्यंत. तिसरी आय-९४. पंगतीत किती वाजेपर्यंत बसायचं ते तिच्यावर लिहिलेलं असतं, आणि शेवटी चालतं ते तिचंच. विमानाने येणाऱ्यांना ती आता हातात मिळत नाही, सरकारच्या साइटवर जाऊन स्वतः उतरवून घ्यावी लागते. ते कुणी सांगत नाही.

माझं तिसरं वर्ष होतं. दिवाळी करून परत येत होतो. आय-७९७ वर अजून जवळजवळ दोन वर्षं शिल्लक होती, पासपोर्टला मात्र सातच महिने. इमिग्रेशनच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, काय काम करता? म्हटलं, मातीवर संशोधन. तो एकदम सावध झाला. बॅगेत माती आहे? नाही. बुटांना? मी एक पाय वर करून तळवा दाखवला. शेतात गेला होतात? आमची शेती दोन पिढ्यांपूर्वीच कुळाकडे गेली हे इंग्रजीत कसं सांगायचं या विचारात होतो, तेवढ्यात त्याने शिक्का मारला, वर पेनाने तारीख लिहिली आणि हसून ‘वेलकम बॅक’ म्हणाला. माती नसल्याच्या आनंदात मी तारीख वाचलीच नाही.

दोन महिन्यांनी गाडीचं लायसन्स नवं करायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी काँप्युटरमध्ये बघितलं आणि पाच महिन्यांचं लायसन्स हातात ठेवलं. मी म्हटलं, चूक झाली असेल. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पासपोर्ट ज्या दिवशी संपतो त्याच दिवशी माझी आय-९४ संपत होती. अधिकारी असं करू शकतो, नियमात आहे. पासपोर्ट नवा केला म्हणून ती तारीख पुढे सरकत नाही. आणि मुदत उलटल्यावर एकशेऐंशी दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं परत येता येत नाही, वर्षाहून जास्त राहिलात तर दहा. ते लायसन्स मी अजून जपून ठेवलंय. एवढं उपयोगी सरकारी कागदपत्र मला दुसरं मिळालेलं नाही.

उपाय असा निघाला की पासपोर्ट नवा करायचा, देशाबाहेर पाऊल टाकायचं आणि परत आत यायचं. जवळची बाहेरची जागा कॅनडा. तिथे पाऊल टाकायला भारतीय माणसाला कॅनडाचा व्हिसा लागतो. म्हणजे अमेरिकेची तारीख दुरुस्त करायला कॅनडाच्या सरकारपुढे हात जोडले. मग आठ तास गाडी हाकून नायगरा. रेनबो पूल चालत ओलांडला, पलीकडे एक पाणचट चहा घेतला, चालत परत आलो. हातात दोन पासपोर्ट, कारण वैध स्टॅम्प जुन्यात होता. अलीकडच्या खिडकीत सहा डॉलर भरले आणि नवी तारीख घेतली. ती तिथेच उभं राहून चार वेळा वाचली. धबधब्याचा आवाज येत होता एवढं आठवतं.

तगादा

तुमचा अर्ज तुमच्या प्रोफेसरच्या टेबलावरून निघतो, विभागाच्या प्रशासक बाईंकडे जातो, तिथून मनुष्यबळ विभागात, तिथून परदेशी लोकांच्या ऑफिसात, मग श्रम खात्याकडे, आणि सरतेशेवटी इमिग्रेशनकडे. यातल्या एकाही टेबलावर तुम्हाला खुर्ची नाही. पण कुठल्या टेबलावर तो आडवा पडलाय हे फक्त तुम्हालाच माहीत असतं.

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही आपली म्हण अमेरिकेने नियमात घालून ठेवली आहे. मुदत संपायला सहा महिन्यांहून जास्त वेळ असेल तर एक्स्टेन्शनचा अर्ज देताच येत नाही. सहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी तो जावा असं तुम्हाला वाटतं. ऑफिसला वाटतं, अजून सहा महिने आहेत. दोघांचंही गणित बरोबर असतं. अर्ज मुदतीत पोचला तर निकाल यायच्या आतही दोनशे चाळीस दिवस काम करता येतं, हे ऑफिस तुम्हाला धीर द्यायला सांगतं. त्या दोनशे चाळीस दिवसांत लायसन्सच्या खिडकीवर काय ऐकावं लागतं, ते ऑफिसला माहीत नसतं.

तेव्हा तगादा लावायला शिका. उधारी वसूल करणाऱ्या वाण्याचा नव्हे, माहेरी पत्र लिहिणाऱ्या सासुरवाशिणीचा. ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’ असं कधी विचारू नये. ‘माझ्याकडून काही कागद हवा आहे का?’ असं विचारावं. उत्तर ‘नाही’ असंच येतं, पण ते लिहिण्यासाठी बाईंना फाइल उघडावी लागते. आमच्या बाईंना मी दर दिवाळीत शंकरपाळे देतो. त्या त्यांना ‘त्या छोट्या उशा’ म्हणतात. गेल्या जुलैत त्यांनीच बोलावून विचारलं, उशा कधी येणार आणि तुझी तारीख कधी संपतेय? नातं इथपर्यंत यायला सहा वर्षं लागली.

अर्जाआधी श्रम खात्याकडून मंजुरी घ्यावी लागते. त्या जागेला त्या भागात जो पगार चालतो तेवढा तुम्हाला मिळतोय, तुम्ही स्वस्तात मिळता म्हणून इथल्या माणसाचं नुकसान होत नाही, असं विद्यापीठ लिहून देतं. हेतू चांगला आहे. पण त्याची जाहीर सूचना कामाच्या जागी दोन ठळक ठिकाणी दहा दिवस लावावी लागते आणि तिच्यावर पगाराचा आकडा असतो. माझी लागली कॉफी मशीनच्या वर, ‘सोफा फुकट, स्वतः उचलून न्या’ आणि ‘हरवला आहे: राखाडी बोका’ यांच्या मधोमध. सूचनेवर नाव नसतं, पण त्या मजल्यावर तेव्हा एच-१बी एकच होता. तिसऱ्या दिवशी आमचा वीस वर्षांचा जुना तंत्रज्ञ कप हातात धरून ती शेवटपर्यंत वाचताना दिसला. वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि काही बोलला नाही. त्या आठवड्यात माझ्या कॉफीचे पैसे त्यानेच दिले. दहा दिवसांनी सूचना निघाली. बोक्याची अजून आहे.

पथ्य

मुख्य पथ्य पैशाचं. ज्या मालकाने अर्ज केला त्याच्याखेरीज कुणाच्याही कामाचा एक डॉलर घ्यायचा नाही. आजी सोवळ्यात असताना आम्ही तिच्यापासून हातभर लांब उभे राहायचो, तसं बाकीच्यांच्या पैशापासून उभं राहायचं. रात्री टॅक्सी चालवायची नाही, शिकवण्या घ्यायच्या नाहीत. शेअर्स मात्र घेता येतात, कारण ती गुंतवणूक, काम नव्हे. झोपेत लाख डॉलर मिळवलेत तरी स्टेटसला धक्का नाही; किलोभर चकल्या तळून विकल्यात तर आहे.

चकल्यांचं मी उगाच लिहिलेलं नाही. बायको एच-४ वर होती, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या स्टेटसवर. इकडे आली तेव्हा एम.फार्म., सहा वर्षांचा अनुभव, आणि काम करायला बंदी. आमच्या गावच्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिने उकडीचे दोनशे मोदक केले. तिच्या हाताला अकरा पाकळ्या पडतात, हे मंडळाच्या अहवालात छापून आलं. आरतीनंतर खजिनदार चेकबुक घेऊन आले: वहिनी, निदान तांदळाच्या पिठीचे आणि नारळाचे तरी घ्या, आणि वर थोडं मेहनतीचं. सामानाचे घेतले, पावत्यांसकट. मेहनतीच्या नावाने मी असा काही दचकलो की खजिनदारांना वाटलं मला आकडा कमी वाटला. त्यांनी तो वाढवला. मी आणखी मागे सरलो. शेवटी त्यांनी ओळखलं, कारण तेही कधीकाळी याच दिव्यातून गेले होते. पुढच्या वर्षी मंडळाने वहिनींना शाल दिली. शालीला अजून तरी फॉर्म नाही. माझा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज, मंजूर झाल्यावर बायकोला कामाचा परवाना मिळाला. आता ती औषधांच्या कंपनीत आहे आणि मोदक विकतचे, फ्रोझन.

विद्यापीठातल्या माणसाच्या वाट्याला येणारं खास पथ्य मानधनाचं. शेजारच्या विद्यापीठाने व्याख्यानाला बोलावलं आणि पाकीट पुढे केलं, तर हात मागे घ्यायचा. गंमत अशी की पाहुण्याच्या व्हिसावर चार दिवस आलेल्या परदेशी विद्वानाला व्याख्यानाचं मानधन घेता येतं. नियमाने दिवस आणि संस्था मोजून दिल्या आहेत. इथे राहून दरवर्षी कर भरणारा एच-१बीवाला मात्र ‘नको, नको’ म्हणत टाळ्यांवर परत येतो. लोक आपल्याला निरिच्छ समजतात. समजू द्यावं.

दुसरं पथ्य बढतीचं. अर्जात लिहिलेलं काम, लिहिलेली जागा, लिहिलेले तास यात ठळक बदल झाला तर आधी सुधारित अर्ज जावा लागतो. प्रोफेसर एक दिवस उत्साहाने केबिनमध्ये येतात: अभिनंदन, सोमवारपासून तू पोस्टडॉक नाहीस, सायंटिस्ट! त्यांचा हात हातात घेऊन आपण म्हणायचं, फार आनंद झाला, पण सोमवारपासून नको. ते पडलेलं तोंड मी पाहिलंय. तसंच घर बदललं की दहा दिवसांत पत्ता सरकारला कळवायचा. ही एकच गोष्ट लाभार्थ्याला स्वतःच्या हाताने करता येते, म्हणून ती करताना उगाच बरं वाटतं.

नोकरी गेली तर साठ दिवस. त्याआधीच आय-९४ संपत असेल तर तेवढेही नाहीत. त्यात नवा मालक, नाहीतर दुसरं स्टेटस, नाहीतर सामानाची बांधाबांध. २०२५ मध्ये वॉशिंग्टनने विद्यापीठांची संशोधन अनुदानं सपासप कापली, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या एकाने हे साठ दिवस फ्रिजवर खडूने मोजले. यावर विनोद मला जमत नाही.

नवशिक्यांचा एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा, की विद्यापीठवाले नशीबवान. खाजगी कंपन्यांसाठी वर्षाला ६५ हजार जागा आणि अमेरिकेतून मास्टर्स वगैरे केलेल्यांसाठी आणखी २० हजार. त्यासाठी दर मार्चमध्ये सोडत निघते, म्हाडाच्या घरांची निघते तशी. विद्यापीठांना ही मर्यादा नाही, वर्षभर केव्हाही अर्ज करा. ऐकून कंपनीतला मित्र हळहळतो. पण विद्यापीठ सोडून कंपनीत जायचं ठरवलंत की तुम्हीही त्याच सोडतीच्या रांगेत, शेवटून. आत यायला दार उघडं, बाहेर पडायला लॉटरी. असा पिंजरा मी तरी दुसरा पाहिला नाही. पिंजऱ्यातल्या पोपटाला निदान डाळ भिजवून मिळते. आम्हाला अनुदान संपेल तेवढ्याच मुदतीचं पत्र मिळतं. माझं पहिलं एक्स्टेन्शन एकाच वर्षाचं होतं, कारण प्रोफेसरांच्या खात्यात तेवढेच पैसे होते.

घरी जाणे

शक्यतो जाऊ नये.

जायचंच असेल तर स्टॅम्प बघा. संपला असेल तर भारतात जाऊन नवा घेतल्याशिवाय परत येता येत नाही. (कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत फेरी असेल तर संपलेल्या स्टॅम्पवरही परत येण्याची सवलत आहे. पण आई मेक्सिकोत राहत नाही.) डीएस-१६० नावाचा फॉर्म भरा. वीसेक मिनिटं हात लावला नाही की तो आपला आपण बंद होतो, तेव्हा मागच्या पाच वर्षांतला सगळा प्रवास आणि समाजमाध्यमांवरची नावं आधीच कागदावर लिहून ठेवा. मग मुंबईत बीकेसी. वकिलातीत मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे बाहेर रस्त्यावर ‘मोबाईल ठेवायचा का सर’ म्हणणारी मुलं असतात. सगळा पासपोर्ट, सगळी पीएच.डी. खिडकीतल्या माणसाच्या हवाली करण्याआधी फोन एका अनोळखी पोराच्या हवाली करायचा. त्याने मला चुरगळलेला टोकन नंबर दिला. त्या दिवशीच्या सगळ्या कागदांत तोच एक विनाचौकशी मंजूर झाला.

खिडकीत दोन मिनिटं. काय करता? या वेळी मी माती म्हटलं नाही, ‘मायक्रोबायॉलॉजी’ म्हटलं, आणि तेच नडलं. त्यांनी एक चिठ्ठी दिली, वर लिहिलेलं २२१(जी). म्हणजे नकार नाही, होकार नाही, आणखी तपासणी. किती दिवस? ते सांगत नाहीत. मी दोन आठवड्यांची रजा घेऊन आलो होतो, नऊ आठवडे राहिलो. आईला पहिले तीन आठवडे फार आनंद झाला. मग शेजारणी विचारू लागल्या.

म्हणून पुढच्या खेपेला आजी गेली तेव्हा मी गेलो नाही. स्टॅम्प संपलेला होता, एक्स्टेन्शन टेबलांवरून फिरत होतं, आणि अर्ज लटकलेला असताना बाहेर पाऊल टाकायचं म्हणजे काय याची यादी ऑफिसने पाठवली होती. दहाव्याला चुलतभावाने फोन झाडाला टेकवून ठेवला. कावळा शिवायला वेळ लागला. तेवढ्यात कॉल दोनदा तुटला.

आता तर नियम रोज फिरतात. २०२५ च्या सप्टेंबरात, १९ तारखेच्या शुक्रवारी, एच-१बीच्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लावल्याची घोषणा झाली. अंमल शनिवारची मध्यरात्र उलटून रविवार लागताच. त्या रविवारी सर्वपित्री अमावास्या होती. कंपन्यांनी बाहेर गेलेल्यांना तातडीने परत या म्हणून कळवलं, लोक पानावरून उठून विमानतळावर धावले. शनिवारी खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना, आतल्यांना नाही. पण सोडतीतून वगळलेली विद्यापीठं या लाखातून वगळलेली नव्हती. बाहेरून माणूस आणायचा तर त्यांनाही तेवढेच. आमच्या विभागात नव्या पोस्टडॉकच्या जाहिरातीत त्यानंतर एक ओळ वाढली: उमेदवार आधीच देशात असावा. मग १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांची समाजमाध्यमं तपासू लागले, खाती सगळ्यांना खुली ठेवायला सांगितली, आणि भारतातल्या डिसेंबरच्या कित्येक मुलाखती पुढच्या मार्चवर किंवा त्याही पुढे गेल्या. माझ्या खात्यावर सगळ्यात आक्षेपार्ह काय असेल ते बघायला मी रात्रभर मागे मागे गेलो. २०१६ मध्ये मिसळ पुण्याची की कोल्हापूरची यावर मी तीनशे शब्द लिहिले होते. ठेवले. मतं बदलायची नाहीत असं ठरवलं.

यातून सुटका म्हणजे ग्रीन कार्ड. आय-१४० मंजूर झाला की सहा वर्षांची मर्यादा सैल होते, तीन-तीन वर्षं मिळत राहतात, आणि आपण आपल्या तारखेची वाट बघत बसतो. कुठल्याही एका देशाला वर्षाच्या सुमारे सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही. देश लिश्टेनस्टाइन असो की भारत, मापटं तेच. त्यामुळे २०२५ च्या शेवटी ईबी-२ या वर्गात भारतीयांची रांग २०१३ सालच्या अर्जांपाशी उभी होती. माझी तारीख त्यानंतर दहा वर्षांची. परराष्ट्र खातं दर महिन्याला या रांगेचं पत्रक काढतं आणि सगळे एच-१बीवाले ते राशिभविष्यासारखं वाचतात. एखाद्या महिन्यात रांग पुढे सरकण्याऐवजी मागेही जाते. भविष्यवाल्यांनी हे अजून करून पाहिलेलं नाही.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. आईने गुरुजींकडून चार मुहूर्त काढून आणलेत आणि पाचवा माझ्याकडे मागितलाय. रोज रात्री दोन वाजता मी वकिलातीची साइट उघडून बसतो, कारण तारखा तेव्हा सुटतात असं कुणीतरी सांगितलंय. परवा आईला म्हटलं, माझ्यासाठी थांबू नका, हॉल हातचा जाईल.

“हॉलवाल्याशी बोललेय मी,” आई म्हणाली. “तो म्हणाला, घाई करू नका काकू. माझ्याकडे अजून दोन घरं अशीच थांबलीत.”